दोन हातांचं मत

"उद्या संध्याकाळपर्यंत टिकतील ना?"

उदयसिंग निंबोरे डॉक्टरांना विचारत होते. मी तिथंच, खोलीच्या दाराला पाठ टेकवून उभी होते. मी ऐकतेय हे त्यांना दिसत होतं. पण घाई एवढी की आवाज खाली आणायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "जागचं हलवू नका, एवढंच मी सांगेन. लिव्हर संपलंय. पोटात पाणी भरतंय. विमानात काय होईल, उतरल्यावर काय होईल, मी कशाचीच हमी देणार नाही."

"पण काही होईलच, असंही नाही ना?"

"असंही नाही."

"मग झालं तर," निंबोरे म्हणाले आणि माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. "वहिनी, पक्षावर वेळ आलीय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझे यजमान, रंगनाथ टेकाळे, तेव्हा मराठवाड्यातल्या आमच्या जिल्ह्याचे खासदार होते. कॅन्सर झाला होता आणि तो कळेपर्यंत फार उशीर झाला होता. मुंबईच्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलात आम्ही पावसाळ्यापासून मुक्कामालाच होतो. निंबोरे म्हणजे पक्षाचे राज्यातले सगळ्यांत वजनदार नेते. लोकसभेत आमच्या पक्षाच्या कुणी काय बोलायचं, मत कुणीकडं टाकायचं, ते ठरवत. शेजारच्या जिल्ह्यात त्यांचं स्वतःचं मेडिकल कॉलेज होतं आणि त्याला जोडून मोठं हॉस्पिटल.

दिल्लीत त्या दिवसांत आरोग्यहक्काच्या बिलावरून रान पेटलं होतं. दारात आलेल्या रोग्याला, मग दवाखाना सरकारी असो की खाजगी, आधी उपचार द्यायचे आणि बाकीचं नंतर बोलायचं. जिल्ह्याजिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल केंद्राच्या खर्चानं उभं करायचं. कुठं नकार मिळाला तर माणसाला कोर्टात जाता यायला पाहिजे, असं ते बिल. सरकारपक्ष म्हणायचा, स्वातंत्र्यानंतरचं सगळ्यांत मोठं काम आम्ही करतोय. आमचा पक्ष म्हणायचा, हा निवडणुकीच्या तोंडावरचा तमाशा आहे. डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, नुसता कायदा केल्यानं काय डॉक्टर शेतात उगवणार आहेत? टीव्हीवर रोज दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या अंगावर जात. सरकारचे दोन मित्रपक्ष फुटले होते आणि एकेका मताला मोल आलं होतं.

मी निंबोरेंना म्हणाले, "साहेब, माणूस जेवत नाही आठवडाभर. कूस बदलायची तर दोघं लागतात. तुम्ही त्यांना विमानात घालून नेणार?"

"सगळी सोय आहे. डॉक्टर सोबत आहे, ऑक्सिजन आहे, दिल्लीत दारात ॲम्ब्युलन्स आहे."

"आणि मेले तर?"

आतून ह्यांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "कौसल्या, त्यांना आत येऊ दे."

निंबोरे आत गेले, खाटेच्या कडेला वाकले. "रंगनाथराव, उद्या मतदान आहे. येताय ना?"

"येतो," हे म्हणाले.

एवढंच. मला काही विचारणं नाही, की माझ्याकडं बघणं नाही. निंबोरे निघून गेल्यावर मी कपाटातून ह्यांचे धुतलेले कपडे काढले आणि पिशवीत कोंबले. राग आला की मी बोलत नाही. भांडी आपटते, कपडे कोंबते. तीस वर्षं हा माणूस पक्षासाठी उन्हातान्हात फिरला. पक्षानं ऊठ म्हटलं की उठला, बस म्हटलं की बसला. पोरीच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या आणि हे प्रचाराला गेले. आता जीव चाललाय, तो तरी घरच्यांसाठी ठेवावा की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. विमान लहान होतं. ह्यांना आडवं ठेवलं होतं आणि मी पायांशी बसले होते. न राहवून मी विचारलं, "कशासाठी हे?"

"मत द्यायला."

"तुमच्या एका मतानं असं काय आभाळ कोसळणार आहे?"

त्यांनी डोळे मिटले. पुढं दिल्ली येईपर्यंत उघडलेच नाहीत. मधूनमधून मी नाकापुढं बोटं धरून श्वास चालतोय का बघत होते.

दिल्लीतल्या आमच्या सरकारी बंगल्यावर पक्षाची बरीच मंडळी जमली होती. त्यांत रोहिदास खरमाटे होता. आमच्या लगतच्या मतदारसंघातून पहिल्यांदाच निवडून आलेला, चाळिशीचा गडी. निंबोरेंनीच त्याला तिकीट दिलं होतं, निवडूनही त्यांनीच आणलं होतं. लोकसभेत त्याची जागा ह्यांच्या शेजारची. ह्यांना तो अण्णा म्हणायचा, मला काकू. ॲम्ब्युलन्समधून ह्यांना उतरवलं तेव्हा स्ट्रेचरची पायाकडची बाजू त्यानंच धरली होती.

ह्यांना पलंगावर टेकवून बसवलं. दोन घोट पाणी पाजलं. मग हे म्हणाले, "मला साहेबांशी बोलायचंय. बाकीच्यांनी बाहेर जा."

मीही उठले. "तू थांब," हे म्हणाले.

निंबोरे खुर्ची ओढून बसले. "बोला रंगनाथराव."

"मी बिलाच्या बाजूनं मत देणार आहे."

मला वाटलं, ह्यांना भ्रम झाला. तापात माणसं काहीही बोलतात. निंबोरेंनाही तेच वाटलं असावं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आपला पक्ष विरोधात आहे. आपल्याला विरोधात टाकायचंय. लाल बटण."

"माहीत आहे. मी हिरवं दाबणार."

"पक्षाचा व्हीप निघालाय, मोडता येणार नाही."

"तेही माहीत आहे. म्हणून तर सांगतोय. तुमच्या विमानातून आलो, तुम्हाला न सांगता दाबलं असतं तर पाठीत वार केल्यासारखं झालं असतं. मुंबईत सांगितलं असतं तर तुम्ही आणलं नसतं. तेवढी लबाडी केली. माफ करा."

निंबोरेंचा आवाज चढला नाही. ते ओरडणारे गृहस्थच नव्हते.

"रंगनाथराव, तुम्ही आजारी आहात, म्हणून शांतपणानं विचारतो. हे बिल खरंच चालेल असं तुम्हाला वाटतं? तुमच्या सिव्हिलमध्ये सर्जन नाही. भूल द्यायला माणूस नाही. उद्या कायदा झाला, की लोक माझ्या हॉस्पिटलच्या दारात मोर्चे आणतील, काचा फोडतील, डॉक्टरांना मारतील. सरकार हात वर करील. हे तुम्हाला पाहिजे?"

"हे सगळं खरं आहे," हे म्हणाले.

"मग?"

"हेच बिल मी मागच्या लोकसभेत मांडलं होतं. खाजगी विधेयक म्हणून. तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारली होती. तेव्हाही सिव्हिलमध्ये सर्जन नव्हता."

"तेव्हा ते आपलं होतं," निंबोरे म्हणाले. "आज ते त्यांचं आहे."

हे हसले. हसता हसता खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर म्हणाले, "साहेब, मी आता अशा ठिकाणी पोचलोय, की कुणाचं काय, ते मला नीट दिसेनासं झालंय."

निंबोरे उठले. पांघरूण स्वतःच्या हातानं सारखं केलं. "तुम्ही आराम करा," म्हणाले. "डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलंच होतं. आम्हीच ऐकायला हवं होतं."

थोड्या वेळानं बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं, तर ॲम्ब्युलन्स फाटकातून बाहेर पडत होती. सोबतचा डॉक्टरही तीत बसला होता. जमलेली माणसं पांगली. ओसरीवर पक्षाचा एक कार्यकर्ता तेवढा खुर्ची टाकून बसला. सकाळी ज्या माणसाला चढ-उतार करून विमानानं आणणं शक्य होतं, त्याला आता समोरच्या रस्त्यापलीकडं नेणंही धोक्याचं झालं होतं.

मी आत येऊन बसले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, बरं झालं. आता इथंच पडून राहतील, रात्री थोडी पेज घेतील. मुंबईला परत जाऊ. दिवाळी निघेल कदाचित.

"गेली का गाडी?" ह्यांनी विचारलं.

"गेली."

"वाटलंच."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "कौसल्या, काल तुला विचारलं नाही. आज विचारतो. तू नको म्हणालीस तर मी जात नाही."

"आता विचारून काय उपयोग? गाडी कुठाय?"

"गाडीचं नंतर बघू. आधी तू सांग."

असं मला त्यांनी लग्नापासून कधी विचारलं नव्हतं. निवडणुकीला उभं राहू का, जमीन विकू का, पोरीला कुठं द्यायची, काहीच नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. गालफडं बसलेली, डोळे हळदीसारखे पिवळे. नको म्हणायला माझ्या जिभेवर शब्द आला होता. तोंड उघडलं असतं तर तोच पडला असता.

"गेलात तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

"हो."

"आणि नाही गेलात तर?"

"तर थोडं जास्त जगेन. आणि तू उशाशी बसशील आणि मी काही तुझ्या नजरेला नजर द्यायचा नाही. तुझा काही दोष नसताना."

मी उठले. टेलिफोन ओसरीच्या खोलीत होता. तो कार्यकर्ता उठून मध्ये आला. "काकू, काय पाहिजे? मी लावून देतो."

"मला माझ्या घरातून फोन करायला तुझी परवानगी लागते का? बाजूला हो."

तो झाला बाजूला. पोरगा वाईट नव्हता. त्याला बसायला सांगितलं होतं, म्हणून बसला होता. मला हिंदी धड येत नव्हतं. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर संसदेचे नंबर होते. त्यांतला दवाखान्याचा लावला. म्हटलं, खासदार टेकाळे की घरवाली बोल रही हूँ. बीमार हैं, वोट डालने आना है, गाडी भेजो. पलीकडच्या माणसानं दोनदा विचारलं, डॉक्टरची परवानगी आहे का? मी दोन्ही वेळा 'हाँ' म्हणाले.

संसदेची ॲम्ब्युलन्स आली. ह्यांना धुतलेलं धोतर नेसवलं, बंडी चढवली. बंडीत दोन रंगनाथ मावले असते.

संसदेच्या दारात उतरलो तर कॅमेऱ्यांची झुंबड. बातमी कुणी फोडली कोण जाणे. आरोग्यमंत्री स्वतः पायऱ्या उतरून आले आणि व्हीलचेअरवर वाकून त्यांनी ह्यांना मिठी मारली. ज्या माणसानं गेल्याच निवडणुकीत आमच्या गावात सभा घेऊन ह्यांना भ्रष्ट म्हटलं होतं, तो ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून फोटो काढून घेत होता. मिठीत ह्यांच्या पोटावर दाब आला आणि हे कण्हले. मंत्र्याला ते ऐकूही गेलं नाही. मी त्याचा हात धरून बाजूला केला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला, त्यात माझा नुसता हातच दिसतो.

मला वर गॅलरीत बसवलं. खाली एवढी माणसं, एवढा गलका, की बाजार बरा. ह्यांना मागच्या रांगेतल्या त्यांच्या जागेवर नेऊन बसवलं. शेजारी रोहिदास. पुढं चार रांगा सोडून निंबोरे. त्यांनी एकदाच मागं वळून पाहिलं.

घंटा वाजू लागली. नंतर दारं बंद झाली. गॅलरीतल्या शेजारच्या बाईनं मला समजावून सांगितलं, की तिथं मत द्यायला दोन हात लागतात. एका हातानं एक खटका दाबून धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं हिरवं किंवा लाल बटण. दुसरी घंटा होईपर्यंत दोन्ही दाबून ठेवायचे. एक जरी सुटला तरी मत पडत नाही.

पहिली घंटा झाली आणि सगळं सभागृह एकदम गप्प झालं. ज्याचे त्याचे हात बाकावर. ह्यांनी डाव्या हातानं बटण धरलं होतं, ते मला दिसलं. उजव्या हातात सलाइनची सुई होती, सुजून तो दुप्पट झाला होता. तो त्यांनी खटक्यावर ठेवला आणि तो घसरला. पुन्हा उचलला. पुन्हा घसरला. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले, शिपायानं मला खाली बसवलं.

रोहिदासचे दोन्ही हात गुंतलेले होते. एक खटक्यावर, दुसरा लाल बटणावर. तो समोर बघत होता. मग त्यानं मान वळवून बाजूला बघितलं. ह्यांचा हात तिसऱ्यांदा खाली येत होता. रोहिदासनं स्वतःचे दोन्ही हात काढले आणि ह्यांचं कोपर खालून धरलं. दुसऱ्या हातानं मनगट. खटका ह्यांच्याच बोटानं दाबला गेला, पण ते बोट तिथं राहिलं ते रोहिदासमुळं. घंटा होईपर्यंत त्यानं तो हात तसाच तोलून धरला, तान्ह्या पोराची मान धरावी तसा.

समोरच्या मोठ्या पाटीवर आकडे उमटले. बिल पास झालं. अगदी थोडक्या मतांनी. सरकारपक्षाच्या बाजूनं बाकं बडवण्याचा असा आवाज झाला, की मला वाटलं छत खाली येतं. ह्यांची मान छातीवर पडली होती. मी शिपायाला ढकलून जिन्याकडं पळाले.

यंत्रात मत चुकलं किंवा राहिलं, तर चिठ्ठीवर लिहून देता येतं, हे मला पुढं कळलं. म्हणजे रोहिदासलाही देता आलं असतं. नंतर वाटण्यात आलेल्या चिठ्ठ्या तशाच त्याच्या पुढ्यातून गेल्या. त्यानं दिली नाही.

दिवेलागणीच्या आत पक्षानं दोघांनाही काढून टाकलं.

दिल्लीच्या डॉक्टरांनी ह्यांना तपासून सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही. कुठं ठेवायचं ते घरच्यांनी ठरवावं. हे म्हणाले, "गावी चल." आम्ही रेल्वेनं निघालो. स्टेशनवर उतरलो तेव्हा घ्यायला माझे भाऊ होते, आणखी कुणी नाही. चौकात ह्यांचा पुतळा जाळलेला होता. त्याचं अर्धं जळकं धोतर रस्त्यात पडलं होतं, मोटार त्याच्यावरून गेली. ज्या पोरांनी जाळला, त्यांतली अर्धी आमच्या घरी जेवून मोठी झाली होती. संध्याकाळी सरकारपक्षाचे लोक हार घेऊन आले. ह्यांनी हात हलवून हार नको म्हणून सांगितलं, तर ते हार फाटकाला अडकवून गेले. सकाळपर्यंत कुणीतरी त्यांवर शेण फेकलं होतं.

मग एक दिवस श्वास लागला, आणि ह्यांना सिव्हिलमध्ये दाखल केलं. खासदारासाठी म्हणून तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी स्पेशल खोली उघडायला लावली, तर तिच्यात मोडक्या खाटा रचलेल्या. हे म्हणाले, "वॉर्डात टाका." पुरुषांच्या जनरल वॉर्डात, दारापासून आत, भिंतीकडची खाट. तिथंच पुढं ते गेले. पण त्याआधी रोहिदास भेटायला आला होता, ते सांगायचं राहायला नको.

त्याची दाढी वाढली होती. गाडी, माणसं, सगळं सुटलं होतं. स्टुलावर बसला आणि ह्यांचा तोच हात हातात घेऊन बसून राहिला.

मी विचारलं, "रोहिदास, तू तर त्यांच्यासारखा नव्हतास. तुझं बिलाबद्दल काय मत होतं?"

"विरोधात होतो, काकू. आजही आहे. निंबोरेसाहेब म्हणाले ते मला पटत होतं."

"मग?"

"अण्णांचा हात पडत होता. मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि चिठ्ठी? ती द्यायला तर वेळ होता."

"पेन काढलं होतं. मग अण्णांकडं बघितलं. मान अशी पडलेली. विरोधात लिहून द्यायला हात धजला नाही. बाजूनं लिहावं असंही मनात नव्हतं. पेन खिशात ठेवलं."

ह्यांनी डोळे उघडले. "रोहिदास, वरच्या सभागृहात कधी येतंय?"

रोहिदासनं माझ्याकडं बघितलं. बिल समितीकडं गेलं होतं, आणि सरकारलाच आता ते नकोसं झालं होतं. डॉक्टर संपावर, राज्यं नाराज. पेपरात तशा बातम्या येत होत्या. मी ते पेपर वॉर्डात आणत नव्हते. पुढं लोकसभा विसर्जित झाली आणि बिल तसंच मेलं. नव्या सरकारनं त्याचं नावही काढलं नाही.

"पुढच्या अधिवेशनात, अण्णा," रोहिदास म्हणाला. "नक्की."

तो गेला. शेजारच्या खाटेवर एक तरणाबांड मुलगा होता. कापूस वेचताना त्याला घोणस चावली होती. विष उतरलं, पण किडन्या बंद पडल्या होत्या, अंग सुजून आलं होतं. त्याची आई, द्वारकाबाई, खाटेखाली पटकुरावर बसून असायची. रक्त साफ करायचं मशीन सिव्हिलमध्ये होतं, पण बंद. शहरातल्या खाजगी दवाखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. रोहिदासचे पांढरे कपडे बघून ती माझ्याजवळ सरकली.

"बाई, ते पुढारी व्हते ना वो? तुमच्या वळखीचं हायेत का? माझ्या लेकरासाठी एक शबूद टाका की. डाक्टर म्हंत्यात, दोन दिवसांत दुसरीकडं न्या, न्हाई तर काय खरं न्हाई."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी मान वळवली. आवाज फुटत नव्हता, तरी शब्द जुळवले. "बाई, आता ओळख लागत नाही. लोकसभेत कायदा पास झालाय. कोणत्याही हॉस्पिटलात घेऊन जा. नाही म्हणता यायचं नाही त्यांना."

द्वारकाबाईनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला कळेना, विश्वास कुणावर ठेवावा.

"पाणी आणते," असं म्हणून मी बाहेर आले. सिव्हिलच्या फाटकासमोर टेलिफोनचं दुकान होतं. निंबोरेंच्या बंगल्याचा नंबर मला पाठ होता. तीस वर्षं लावत आले होते. वाटलं, उचलणार नाहीत. उचलला.

"साहेब, कौसल्या टेकाळे बोलतेय."

ते म्हणाले, "कसे आहेत रंगनाथराव?"

"आहेत. साहेब, त्यांच्यासाठी नाही. एक पोरगा आहे इथं, साप चावलेला. त्याला तुमच्या हॉस्पिटलात मशीनवर घ्या."

तिकडं कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटत होतं, आता ते म्हणतील, कायदा करायला गेला होता ना तुमचा नवरा, मग मागा कायद्याकडं. त्यांना म्हणता आलं असतं. मी ऐकूनही घेतलं असतं.

"नाव काय पोराचं?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं.

"गाडी पाठवतो. वहिनी, तुमचा शब्द मी कधी मोडलाय का?"

दुपार कलायच्या आत त्यांच्या हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स सिव्हिलच्या आवारात आली. पांढऱ्या कपड्यातले दोघं स्ट्रेचर घेऊन वॉर्डात शिरले आणि त्यांनी त्या मुलाचं नाव पुकारलं. सगळा वॉर्ड उठून बसला. द्वारकाबाईची धांदल उडाली. पटकूर गोळा करू की लेकाला धरू, तिला सुधरेना. जाताना ती माझ्या पायाशी वाकली. मी तिला उठवलं आणि घाईनं दाराकडं लावून दिलं, तिनं काही बोलू नये म्हणून. तो मुलगा वाचला, असं पुढं तिच्याच गावच्या माणसाकडून कळलं.

मी खाटेजवळ आले तर हे जागे होते. पिवळ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता असा आनंद.

"बघितलंस?" ते म्हणाले. "कायदा अजून वरच्या सभागृहात जायचाय, तरी घ्यायला आले. साहेबांचंच हॉस्पिटल ना ते? त्यांनासुद्धा यावं लागलं."

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"हो," मी म्हणाले. "यावंच लागलं."